गाडी इटलीची, कागद मोवाडचे

सकाळी सहा

आमच्या धंद्यात नमस्काराच्या आधी प्रश्न येतो : "किती येईल?" आज तो पुण्याहून एका पोराच्या फोनवर आला, मी दात घासत असताना. "काका, आज बाबांकडची गाडी बघायला जाताय ना? इटालियन आहे, एकोणीसशे छप्पनची. मी शोधलंय नेटवर. इटलीच्या त्या काळातल्या रेसच्या गाड्या चारशे कोटींना जातात." मी म्हटलं, आधी गाडी बघू दे, कोटी मग मोजू.

मी मोटार सर्व्हेअर. अपघाताच्या गाडीचं नुकसान ठरवायचं, बँकेने ओढून आणलेल्या गाडीची किंमत काढायची, जुन्या गाडीच्या विम्याला आकडा द्यायचा, हे माझं काम. नरखेड आणि काटोल हे दोन तालुके आणि वर्धा नदीपलीकडचा वरूडचा पट्टा. या पट्ट्यात ट्रॅक्टर, मालवाहू छोटे टेम्पो आणि मोटारसायकली यांच्यावरच माझं घर चालतं. जुनी मोटार, तीही कोणाला जपायची आहे अशी, क्वचित येते. त्यामुळे आज मीही जरा उत्सुक होतो, हे त्या पोराला सांगितलं नाही.

पिशवी भरली. टॉर्च, चुंबक, मोजपट्टी, चिकटपट्टी, पातळ कागद, मऊ शिसपेन्सिल, रॉकेलचं फडकं. टॅब सगळ्यात वर, कारण आजकाल फोटोशिवाय कोणी आकडा मानत नाही.

सकाळी साडेआठ

बस स्टँडवर तर्री-पोहे खाऊन बँकेच्या यार्डात. हप्ते थकलेला एक ट्रॅक्टर पंधरा दिवसांपासून उभा आहे. त्याचा लिलाव व्हायचा आहे, आणि लिलावाच्या जाहिरातीत जी राखीव किंमत छापतात ती माझ्या अहवालावरून ठरते.

मीटर सांगतं एकवीसशे तास. पण क्लचच्या पेडलावरचं रबर पार झिजून लोखंड चकाकतंय, हायड्रॉलिकच्या पिनांना चांगली ढिलाई आहे, आणि मीटरच्या केबलच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत. केबल काढून ठेवली की ट्रॅक्टर चालतो आणि तास चालत नाहीत. हे मालकाने केलं, ड्रायव्हरने केलं की भाड्याने नेणाऱ्याने, ते मला ठरवायचं नाही. मी लिहितो : मीटर विश्वासार्ह नाही, वापर चार हजार तासांच्या पुढचा धरावा.

मालक कोपऱ्यात उभा होता. बोलला काहीच नाही. राखीव किंमत कमी धरली तर ट्रॅक्टर पडेल भावात जातो आणि त्याच्या डोक्यावरचं बाकीचं कर्ज तसंच राहतं. जास्त धरली तर बोलीलाच कोणी येत नाही, ट्रॅक्टर यार्डात सडतो, पुढच्या वेळी आणखी खाली येतो. बाहेरच्याला वाटतं सर्व्हेअर बँकेचा माणूस. पण नीट काढलेला आकडा हा मालकाचाही आधार असतो. लिलावात किंमत ठरवायला एक बोलीवाला पुरत नाही, दोन लागतात, आणि ते दोघे दारापर्यंत येतील असा आकडा लिहिणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

साडेदहा

मोवाडच्या रस्त्याला लागलो. मृग बहाराची तोडणी चालू आहे. बागांच्या कडेला संत्र्यांचे ढीग, प्लास्टिकची कॅरेट, ट्रकवर चढलेली पोरं. व्यापारी आणि बागवान यांची घासाघीस चालू. २०१६ साली राज्य सरकारने फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली. तेव्हा मंड्यांमध्ये केवढा गोंधळ झाला होता. मोठमोठ्या मोटारींच्या लिलावात ही पद्धत जुनीच आहे, हे आज दुपारी त्या पोराला सांगायचं, असं मनात ठरवलं.

अकरा

शेतातलं घर. बाजूला गोठा, गोठ्याच्या पलीकडे टिनाचं शेड, शेडमध्ये कडबा, फवारणीचे पंप, पाइपांची भेंडोळी आणि या सगळ्याच्या मागे ताडपत्रीखाली ती.

"या जी," काकाजी म्हणाले. पुण्याच्या पोराचे वडील, पंच्याहत्तरीच्या पुढचे. ताडपत्री त्यांनी स्वतः ओढली. गोल पाठीची फियाट ११००, आपल्याकडे जिला सगळे 'डुक्कर फियाट' म्हणतात ती. पुढची दारं उलटी उघडणारी. म्हणजे बिजागरी मधल्या खांबाला, आणि दार उघडतं मागच्या बाजूला. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मूळचा करडा रंग, वरून कोणीतरी ब्रशने मारलेला पांढरा. काचा शाबूत, मागची सीट उंदरांनी खाल्लेली.

सांगायला बरं वाटतं की गाडी इटलीची, पण बनली ती कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला आणि दोन-चार वर्षांत ही ११०० आली. इंजिन १०८९ सीसी. तेच माप पुढे पद्मिनीत पार शेवटपर्यंत राहिलं. एका इंजिनावर कंपनीने दोन पिढ्या जगवल्या.

कामाला लागलो. आधी चुंबक. पुढचे मडगार्ड धरतात, छत धरतं, डावं मागचं मडगार्ड धरतं. उजव्या मागच्या मडगार्डावर चुंबक लावला आणि तो सरळ खाली पडला. तिथे पत्रा कमी, पुट्टी जास्त. दारांखालचा पेटीसारखा भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचला तर टोक आत गेलं. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर जमीन दिसली.

मग नंबर. इंजिनमागच्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने तिथला चिकटा हळूहळू काढायचा. पॉलिश पेपर कधी लावायचा नाही, नाहीतर आकड्यांच्या कडा जातात आणि पुढचा तपासणारा म्हणतो, नंबर घासलाय. कोरडं झालं की पातळ कागद त्यावर ताणून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. पेन्सिल उभी न धरता आडवी, टोकाच्या बाजूने हलकेच घासत न्यायची. कागद काळपट होत जातो आणि खोलगट आकडे पांढरे राहतात. एकेक आकडा वर येत असताना काकाजी माझ्या खांद्यावरून बघत होते. सगळे आले. एकाचीही कड फाटलेली नाही, एकही दुसऱ्यांदा ठोकलेला नाही. कारखान्याच्या पाटीवरच्या नंबराशी जुळतात. अशी वेळ आली की मला आनंद होतो.

आनंद फार टिकला नाही. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर बराच पुढच्या मालिकेतला निघाला. इंजिन पद्मिनीचं होतं.

"हे इंजिन कधी बदललं जी?"

"अरे हो ना. त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी साल असन. जुनं तेल खाऊ लागलं होतं. वरूडच्या मिस्त्रीनं हे टाकून देल्लं. जुनं त्यानंच ठेवलं, पाण्याच्या पंपावर बसवतो म्हणे."

"आणि आरसी बुक?"

काकाजी जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घर मोवाडले होतं. गाडी शेतात होती म्हणून वाचली. कागदं घरात होते. आमचं घरच गेलं, मंग कागदाचं काय घेऊन बसले!"

३० जुलै १९९१. वर्धेच्या पुराने मोवाड बुडालं ती तारीख या तालुक्यात कोणाला सांगावी लागत नाही. दोनशेहून जास्त माणसं गेली. कागदाची चौकशी करायची माझी हिंमत मग तेवढ्यापुरती संपली. मी गाडीचे फोटो काढत राहिलो.

पण काम काम असतं. गाडी घेतली तेव्हाची एक पावती काकाजींच्या बहिणीकडे दुसऱ्या गावी राहिली होती, तिचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. नागपूर, उन्हाळा १९५६. आता गंमत बघा. त्या उन्हाळ्यात नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. गाडी जागची हलली नाही आणि तिची राज्यं तीन झाली. त्यानंतर नंबर देण्याच्या पद्धती बदलल्या, नागपूरचं आरटीओ कार्यालय शहर आणि ग्रामीण असं विभागलं, आपल्या तालुक्याच्या गाड्यांना एमएच-४० आलं. या गाडीची मूळ नोंद शोधायची म्हणजे कोणत्या रजिस्टरात, कोणत्या राज्याच्या, कोणत्या कपाटात, इथून सुरुवात.

दुपारी दीड

"जेवल्याबिगर जाऊ नका जी." ज्वारीची भाकर, भरीत, ठेचा, वर संत्र्याच्या फोडी. जेवता जेवता पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. पोरगा हुशार आहे, गाड्यांचं वेड आहे, फक्त वाचन रीलवर झालेलं.

"काका, फेरारी २५० जीटीओ. २०२३, न्यूयॉर्क. ५१.७ मिलियन डॉलर. म्हणजे?"

"म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४३० कोटी," मी म्हटलं. "पण त्यातली बोली ४७ मिलियनवर थांबली होती. वरचे ४.७ मिलियन ही लिलाव करणाऱ्याची खरेदीदारावरची आडत. एकोणचाळीस कोटी नुसती आडत."

काकाजींचा घास हातातच राहिला. "एकोणचाळीस कोटी आडत? आमच्या वरूडले तं..." आणि त्यांनी संत्र्याच्या व्यापाऱ्यांबद्दल जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पोरगा मागे हटेना. "पण ही पण इटालियन. आणि फियाटनेच फेरारी घेतली ना?"

घेतली, खरं आहे. १९६९ मध्ये फियाटने फेरारीचा अर्धा हिस्सा घेतला. आणि नातं त्याहून जुनंही दाखवता येईल. इटलीत १९२७ ते १९५७ पर्यंत 'मिल्ले मिल्या' नावाची शर्यत व्हायची. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशिया, उघड्या रस्त्यावरून, सुमारे सोळाशे किलोमीटर. गाडी सुटण्याची वेळ हाच तिचा नंबर. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस ज्या मर्सिडीजमधून जिंकला तिच्यावर ७२२ लिहिलं होतं, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. छोट्या गाड्या आदल्या रात्रीच सुटायच्या, आणि त्या छोट्यांमध्ये फियाट ११०० असायच्या. म्हणजे फेरारीवाले अंथरुणात असताना या शेडमधल्या गाडीच्या बहिणी अंधारात रोमच्या वाटेवर असत. १९५७ ला आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला, तो गेला, रस्त्याकडेचे प्रेक्षक गेले, त्यात पोरं होती. शर्यत बंद झाली. आता त्याच नावाने जुन्या गाड्यांची फेरी निघते, आणि त्या काळात जी मॉडेलं धावली तीच तिला चालतात. त्यामुळे तिकडे अशा गाड्यांना मागणी राहते.

"मग?" पोरग्याचे डोळे चमकले.

मग काही नाही. जीटीओ जगात ३६ बनल्या, १९६२ ते ६४ मध्ये. कोणती कोणत्या शर्यतीत कोणी चालवली, कुठे धडकली, कोणी दुरुस्त केली, कोणाला विकली, सगळं लिहिलेलं आहे. न्यूयॉर्कला विकली गेलेली गाडी ३८ वर्षं एकाच मालकाकडे होती. लोक पैसे मोजतात ते या वहीचे. कुर्ल्याच्या फियाटचं तसं नाही, त्या पुष्कळ बनल्या, आणि कोणती कुठल्या शर्यतीत धावली याची वही कोणी ठेवली नाही.

त्याला पटेना, म्हणून मी त्याला दुसरी गाडी शोधायला लावली. फेरारी ५०० मोंदियाल, १९५४ ची, पिनिन फरिनाच्या कारखान्यात अंगावर पत्रा चढवलेली. मिल्ले मिल्यात धावलेली. पुढे अमेरिकेत गेली, साठच्या दशकात धडकली आणि जळाली. त्यानंतर ती जपून ठेवलेली होती असं म्हणणं धाडसाचं होईल. पडून होती. २००४ च्या चक्रीवादळात ती जिथे होती ते फ्लोरिडातलं शेड पडलं तेव्हा इतर फेरारींबरोबर ती बाहेर आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरेला लिलाव झाला. फोटो बघ, मी म्हटलं.

पोरग्याने बघितला. चुरगळलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. चाकं नाहीत, सीट नाही, पुढचं-मागचं कळत नाही. आपल्या काटोल नाक्यावरचा भंगारवाला हे किलोवर सुद्धा घेताना नाक मुरडेल.

"अठरा लाख पंचाहत्तर हजार डॉलर," तो वाचून म्हणाला. "साडेपंधरा कोटी? या कचऱ्याचे?"

कचऱ्याचे नाहीत. त्या कचऱ्यावर कारखान्याची मूळ नंबरपाटी होती, मूळ गिअरबॉक्स सोबत होता, आणि ती कोणत्या शर्यतीत कितवी आली याचे कागद होते. पत्रा आज कोणीही नवा ठोकून देईल. नंबर आणि इतिहास नवा ठोकता येत नाही. ठोकला तर ती फौजदारी होते.

काकाजी शांतपणे ताटात हात धूत म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे पत्रा हाये, अन् कागद नाही."

मला एवढ्या वेळात जे नीट सांगता आलं नव्हतं ते झालं.

दुपारी साडेतीन

काटोल. डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. मिस्त्री माझ्या ओळखीचा, हात चांगला. त्याला फोटो दाखवले आणि विचारलं, पूर्ण उभी करायची तर काय लागेल. त्याने आधी पद्मिनीच्या आठवणी काढल्या. ते सगळेच काढतात. मग कामाचं बोलला.

दारांखालच्या पेट्या नव्या बनवाव्या लागतील, दोन्ही बाजू. फरशीचा पत्रा अर्धा नवा. उजवं मडगार्ड पुट्टी काढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आत मूळ पत्रा किती उरलाय, देव जाणे. पूर्वीचे मिस्त्री खळगा शिशाने भरायचे, तो टिकायचा. पुट्टी पाणी धरते आणि खालचा पत्रा आतून खाते. मग क्रोम : बंपर, ग्रिल, हबकॅप नागपूरला पाठवायचे. दारांचं रबर बीडिंग, काचांचं रबर, मुंबईहून. इंजिन-गिअरचे सुटे भाग पद्मिनीचे चालतील, पण तेही आता मुंबईत पूर्वीसारखे मिळत नाहीत. २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईत नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली, आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ज्यांच्यामुळे दुकानात माल असायचा ते गिऱ्हाईकच गेलं.

त्याने हिशेब जोडला : पाच लाखांच्या आत होणार नाही, आणि "आत" हा शब्द त्याने हसत उच्चारला. सगळं करून, कागद नीट असले तर, अशी गाडी नागपूर-पुण्याच्या हौशी माणसाकडे चार-साडेचारला जावी, असा माझा अंदाज. कागद नसतील तर कोणी हातही लावणार नाही. चोरीची आहे की वारशाची, हे तो कसं ओळखणार?

जुन्या गाडीचं पूर्ण काम करून ती विकून पैसा कमवता येतो हा समज कोणी पसरवला मला माहीत नाही. लाखांच्या गाडीत तर तो सर्रास खोटा ठरतो. हौस म्हणून करा, मी आडवा येणार नाही. धंदा म्हणून केलंत तर मिस्त्री सोडून कोणाचाच फायदा होत नाही, आणि मिस्त्री सुद्धा मला म्हणाला, "साहेब, असं एक काम घेतलं की माझे चार टेम्पो अडकतात."

एक गोष्ट मात्र त्याला बजावली : उद्या मालक आलाच, तर वरचा पांढरा रंग अलगद काढ, खालचा करडा राहू दे. मूळ रंगाचा तुकडा जरी टिकला तरी जाणकाराला तो चकचकीत नव्या रंगापेक्षा जास्त सांगतो.

सव्वापाच

सावरगावच्या रस्त्यावर मोटारसायकल आणि बैलगाडी. माणसांना खरचटलं, बैल ठीक. फोर्क वाकला, टाकीला खड्डा, हेडलाइट गेला. फोटो, नंबर, चालकाचा परवाना, पंधरा मिनिटं. पोलीस नोंद केली का विचारलं तर दोघेही एकमेकांकडे बघत राहिले.

रात्री आठ

अहवाल लिहायला बसलो. ट्रॅक्टरचा सोपा होता. फियाटच्या अहवालात आकडा लिहिण्याआधी कागदांचा परिच्छेद लिहिला, कारण आकडा त्यातून येतो.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून 'व्हिंटेज' गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असलेली. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. म्हणजे आपल्याकडे एमएच व्हीए. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, नूतनीकरणाचं पाच हजार, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढायची. काकाजींना यापेक्षा जास्त काही नकोच आहे. त्यांना ती एकदा मोवाडपर्यंत न्यायची आहे, असं निघताना म्हणाले.

अडचण 'मूळ रूपात' या अटीत आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यात मोठा बदल झालेला नसावा, असं नियम म्हणतो. चेसिस मूळ, बॉडी मूळ, इंजिन पद्मिनीचं. माप तेच, घराणं तेच, पण नंबर दुसरा. तपासणारी समिती हे कसं बघेल ते तिच्यावर आहे. त्याआधी मूळ नोंदीचा उतारा मिळवायचा, पोलिसांत आरसी हरवल्याची नोंद द्यायची, दुय्यम आरसीसाठी फॉर्म २६ भरायचा आणि गाडी काकाजींच्या वडिलांच्या नावावरून वारसाने त्यांच्या नावावर करून घ्यायची. बहिणीकडची ती पावती फोनमध्ये ठेवून भागणार नाही. तिची मूळ प्रत पुण्यातल्या कोणा जावयाच्या कपाटात जाण्याआधी ताब्यात घ्या, असं मी ठळक अक्षरात लिहिलं.

मग आकडा. आहे त्या अवस्थेत, कागदांशिवाय : नोंदणीकृत भंगाराची किंमत, त्यापुढे एक रुपया नाही. दुय्यम आरसी आणि वारस नोंद झाल्यावर, दुरुस्ती न करता, आहे तशी : एक लाख चाळीस हजार. मूळ इंजिन नंबरासह मिळालं, मग ते चालू असो की जाम : आणखी साठ ते सत्तर हजार धरायला हरकत नाही. रंगकामाचा एक पैसाही वाढवला नाही.

पावणेनऊला पुण्याला फोन केला. पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. एक लाख चाळीस म्हटल्यावर चारशे कोटींपासून खाली उतरायला वेळ लागणारच. मग त्याने जो प्रश्न विचारला त्याने माझं समाधान झालं. "काका, वरूडचा तो मिस्त्री कोण होता, बाबांना आठवतं का?"

काकाजींना नाव आठवत नाही. गॅरेज बसस्थानकाजवळ होतं, मिस्त्री वारले असावेत, पोरांनी जागा विकली असावी, इतकंच आठवतं. म्हणून ही विनंती. वरूड, मोर्शी, मोवाड, जलालखेडा या पट्ट्यात विहिरीवर, बोअरवर किंवा एखाद्या बंद गॅरेजच्या मागे फियाट ११०० चं चार सिलिंडरचं जुनं पेट्रोल इंजिन पंपाला जोडलेलं किंवा नुसतं पडलेलं दिसलं, तर भंगारवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी त्याच्या ब्लॉकवरचा नंबर फडक्याने पुसून वाचा. पॉलिश पेपर लावू नका. पातळ कागद ठेवून पेन्सिलीचा ठसा घ्या, फोटो काढा आणि नरखेडात कुठल्याही गॅरेजात 'सर्वेवाल्या भाऊंना द्या' म्हणून सांगा. इंजिन चालत नसलं तरी चालेल. पैसे मिळतील, किलोच्या भावापेक्षा जास्त.